लस दिलेल्या वाडीत हिपॅटायटिस बी अजून का सापडतो?

अंजनवेल (धनकवडी, पुणे)
१३ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. एकवीस वर्षं रोज रक्तच बघते. तरी कालपासून एका माणसाचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढतेय.

काल ओळखीच्या डॉक्टरांबरोबर राजगड तालुक्यात (आपलं जुनं वेल्हं) एका वाडीवर तपासणी शिबिराला गेले होते. धरणापर्यंत गाडी, पुढे होडी आणि मग पाऊण तासाची चढण. वाडीचं नाव मुद्दाम देत नाही. पंधरा-वीस उंबऱ्यांची वस्ती, कोणाबद्दल बोलतेय ते तिकडे लगेच कळेल.

शाळेच्या पडवीत बाकं जोडून टेबल केलं. हिमोग्लोबिन, साखर, आणि ज्यांची तयारी असेल त्यांची हिपॅटायटिस बीची (यकृतात राहणाऱ्या, रक्तातून पसरणाऱ्या विषाणूची) कार्ड टेस्ट. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. बोटाएवढी प्लास्टिकची पट्टी असते. खाचेत रक्ताचा थेंब टाकायचा, वर बाटलीतल्या द्रावाचे दोन थेंब, आणि पंधरा मिनिटं थांबायचं. ओल हळूहळू पट्टीवर चढत जाते. 'सी'पाशी रेघ उमटली की तपासणी नीट झाली. 'टी'पाशीही उमटली तर रक्तात विषाणूचं प्रतिजन, म्हणजे त्याच्या आवरणाचा अंश, आहे. बाहेर धो-धो पाऊस, पडवीत अंधार, मी मोबाईलच्या टॉर्चवर रेघा वाचत होते.

एक बेचाळिशीचे गृहस्थ आणि त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा शेजारी बसले होते. मुलाच्या कार्डावर एकच रेघ. वडिलांची दुसरी रेघ पाच मिनिटांतच आली, ठसठशीत. त्यांना बाजूला नेऊन समजावलं की ही पहिली चाचणी आहे, खात्रीसाठी पुन्हा रक्त तपासावं लागेल. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "ताई, आमच्याकडं लशीची बाई येती दर महिन्याला. पोरांच्या सगळ्या सुया झाल्यात, कार्डं हायती घरात. मग लस देऊन बी ही कावीळ वाडीत राहिलीच कशी?"

मी "पुण्याला या, मोठी तपासणी करू, मी सोबत येते" एवढंच बोलू शकले. उत्तर अर्धंमुर्धं माहीत होतं, पण त्यांना पटेल असं सांगता येईना. इथे डॉक्टर आहेत, आरोग्य खात्यात काम केलेले आहेत. लसीकरण झालेल्या दुर्गम वस्तीत हा आजार का टिकून राहतो आणि तो कमी होतोय हे ओळखायचं कसं, यावर लिहाल का?

---

भटक्या_सिंहगड
१३ जुलै, रात्री १०:१५

त्या भागात मी वीस वर्षं फिरतोय. पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नसते. फ्रिज बंद म्हणजे लस खराब. मला तर वाटतं त्या पोरांना पाणीच टोचलं गेलंय. उपकेंद्रावर लस कशी ठेवतात याची चौकशी व्हायला हवी.

---

डॉक्टर_नळस्टॉप
१३ जुलै, रात्री ११:५०

>> त्या पोरांना पाणीच टोचलं गेलंय <<

असं कृपया लिहू नका. हा धागा वाडीवरच्या कुणी मोबाईलवर वाचला तर उद्या एखादी आई मुलाला घेऊन सत्राला येणार नाही. आणि अंजनवेल ताईंनी जे पाहिलंय ते तुमच्या म्हणण्याच्या उलट आहे. ज्याला लस मिळाली त्या मुलाच्या कार्डावर एकच रेघ आहे. एका मुलावरून काही सिद्ध होत नाही हे मान्य, पण संशय घ्यायलाही तिथे जागा नाही.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येतो. त्यांचं वय बेचाळीस. त्यांचा जन्म झाला तेव्हा आपल्या सरकारी लसीकरणात हिपॅटायटिस बी नव्हतीच. २००२–०३ मध्ये काही मोजक्या शहरांत आणि जिल्ह्यांत ती प्रायोगिक सुरू झाली, २००७–०८ मध्ये दहा राज्यांत आली आणि २०११ मध्ये देशभर लागू झाली. देशात तयार झालेली पहिली जनुकीय तंत्राची हिपॅटायटिस बी लसच १९९७ मधली आहे, हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सची. म्हणजे 'वाडीला लस दिली' याचा खरा अर्थ 'वाडीतल्या लहान मुलांना लस दिली' एवढाच आहे. त्यांच्या वडिलांना, आजीला कोणी दिलेली नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ही लस विषाणूला घरात शिरू देत नाही, पण आधीच शिरलेल्याला बाहेर काढत नाही. आणि कोण कायमचा वाहक होणार हे बहुतांशी संसर्गाच्या वयावर ठरतं. जन्माच्या वेळी आईकडून लागण झाली तर दहातली नऊ बाळं आयुष्यभर विषाणू बाळगतात. पाचव्या वर्षाच्या आत लागण झाली तर साधारण तिसरा हिस्सा ते निम्मी मुलं. धडधाकट मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरातले पाचसुद्धा नाहीत, बाकीच्यांचं शरीर विषाणूला स्वतःच हुसकावून लावतं. त्या गृहस्थांना हे बहुधा तान्हेपणी किंवा रांगत्या वयात मिळालेलं आहे. चाळीस वर्षं काहीही त्रास न देता ते यकृतात राहिलंय. कावीळ झाल्याचं त्यांना आठवणारही नाही, कारण लहानपणीच्या संसर्गात डोळे पिवळे होतातच असं नाही.

अशी माणसं पुढेही अनेक वर्षं जगणार आहेत, आणि जगावीतच. म्हणून सगळ्या वस्तीचा एकच आकडा काढला तर तो लस सुरू झाल्यावर फार हळू उतरतो. बघायचं असतं ते वयाप्रमाणे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०३० साठी जे लक्ष्य ठेवलंय ते पाच वर्षांखालच्या मुलांचं आहे: हजारात एक किंवा त्याहून कमी.

---

गोखलेनगर_आकडेमोड
१४ जुलै, सकाळी ७:०५

डॉक्टरांचा मुद्दा आकड्यांत मांडतो. हे आकडे निव्वळ उदाहरणासाठी घेतलेत, कुठल्याही गावाचे नाहीत.

समजा वस्ती २०० माणसांची आहे आणि लस येण्याआधी सगळ्या वयांत १० टक्के वाहक आहेत, म्हणजे २०. लस सुरू होऊन पंधरा वर्षं झाली. आता पंधराच्या आतली ६० मुलं आहेत आणि त्यांत एकही वाहक नाही. वरची १४० माणसं जुनीच, त्यांत १४ वाहक. सगळ्यांचं रक्त तपासलं तर २०० मध्ये १४, म्हणजे ७ टक्के. 'पंधरा वर्षं लस टोचून १० चे फक्त ७ झाले' असं कोणीही म्हणेल. पण मुलांत १० वरून शून्य झालेत, ही खरी बातमी. त्यातून शिबिराला म्हातारी आणि आजारी माणसंच जास्त आली तर आकडा ७ च्याही वर जाईल.

अंजनवेल ताई, शिबिराच्या वहीत वय आणि लसीचं कार्ड पाहिलं की नाही, असे दोन रकाने घातलेत का? नसतील तर पुढच्या वेळी नक्की घाला.

---

अंजनवेल
१४ जुलै, सकाळी ९:२०

वयाचा रकाना होता, कार्डाचा नव्हता. आजच आखून घेतला.

लॅबच्या बाजूने एक भर घालते. लसीत विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं एकच प्रथिन असतं. म्हणून लस घेतलेल्याच्या रक्तात त्या आवरणाविरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) सापडतात, पण विषाणूच्या गाभ्याविरुद्धची सापडत नाहीत. गाभ्याविरुद्धची सापडली तर खरा विषाणू कधीतरी शरीरात येऊन गेला किंवा अजून आहे. वस्तीत विषाणू लसीनंतरही फिरतोय का, हे मुलांमधल्या या गाभ्याच्या प्रतिपिंडांवरून कळतं. कार्ड टेस्टवर हे दिसत नाही, शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये आणावं लागतं.

---

कारनिक_पाषाण
१४ जुलै, दुपारी ३:३०

मी हवाई दलातून निवृत्त झालो, आता पाषाणला असतो. अंदमान-निकोबारमधल्या कार निकोबार बेटावर माझी पोस्टिंग होती, म्हणून हा विषय जवळचा. तुमच्या वाडीला जायला होडी लागते हे वाचून एकदम तिथली आठवण झाली. निकोबारी लोकांच्या बाजूला लाकडाचा आधार असलेल्या लांब नावेलाही तिकडे होडीच म्हणतात.

दुर्गम म्हणजे काय ते मी तिथे पाहिलं. पोर्ट ब्लेअरहून जहाज येईल तेव्हा येईल. माणसं 'तुहेत'मध्ये राहतात, म्हणजे आपल्या जुन्या एकत्र कुटुंबापेक्षाही मोठा गोतावळा. पोरं एकत्र जेवतात, एकत्र झोपतात, एकमेकांची खरचटलेली ढोपरं एकमेकांना घासतात. पोर्ट ब्लेअरच्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) केंद्राने नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथल्या जमातींची तपासणी केली तेव्हा निकोबारी लोकांत सुमारे २३ टक्के आणि ग्रेट निकोबारच्या शोंपेन लोकांत सुमारे ३८ टक्के वाहक निघाले. कुठलाही रोग वस्तीतल्या दर चार-पाच माणसांमागे एकाच्या रक्तात असणं म्हणजे काय, याची कल्पना करा. त्या अभ्यासांत आपल्या पुण्याच्या एनआयव्हीच्या (राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या) शास्त्रज्ञांचाही वाटा होता, हे इथल्या फार कमी लोकांना ठाऊक आहे.

२००० च्या सुमारास तिथे प्रायोगिक लसीकरण सुरू झालं. मग २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आली आणि कार निकोबारची किनाऱ्यावरची गावंच्या गावं गेली. ज्यांना लस दिली होती त्यांतली किती माणसं वाहून गेली असतील, कागदपत्रं किती गेली असतील. तरीही लस दिल्यापासून दहा वर्षांनी संशोधक परत गेले, त्या माणसांना शोधून रक्त तपासलं, आणि बहुतेकांत संरक्षण टिकलेलं आढळलं. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं. शिबिर भरवणारे पुष्कळ असतात. दहा वर्षांनी त्याच दारात परत उभं राहणारे थोडे.

---

निवृत्त_सिस्टर (भोर)
१४ जुलै, रात्री ८:४५

मी ३१ वर्षं एएनएम (सरकारी आरोग्यसेविका) होते, बहुतेक नोकरी मावळातल्या आणि भोरच्या डोंगरात. भटक्या दादांना वाईट वाटू देऊ नका, त्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. फक्त बोट चुकीच्या जागी आहे.

वीज गेली, लस गरम झाली, खराब झाली, असं लोकांना वाटतं. ही लस उन्हापेक्षा बर्फाला जास्त भिते. दोन ते आठ अंशांत ठेवायची, पण गोठू द्यायची नाही. गोठली की संपली. आम्हाला सकाळी निघायची घाई, डीप फ्रिजरमधून काढलेले दगडासारखे आइस पॅक तसेच डब्यात भरले की कडेच्या कुप्या गोठल्याच समजा. म्हणून पॅक बाहेर काढून ठेवायचे, त्यांना घाम फुटू द्यायचा, कानाशी धरून हलवायचे. आत पाणी खळखळलं की मग डब्यात. जुन्या सिस्टर आम्हाला सांगायच्या, "पॅक बोलला की निघायचं."

गोठल्याचा संशय आला तर कुपी जोरात हलवून टेबलावर ठेवायची, शेजारी मुद्दाम गोठवून वितळवलेली दुसरी कुपी. गोठलेलीतला गाळ भराभर खाली बसतो, चांगलीतली दुधाळ राहते. उष्णतेसाठी कुपीवर चौकोनाची खूण असते, आतला चौकोन बाहेरच्या गोलाइतका गडद झाला की ती फेकायची. बाई शिकलेली असो नसो, हे सगळं डोळ्यांना दिसतं. पाणी टोचलं असं कुणी म्हणालं की माझ्या पोटात तुटतं, कारण तो डबा खांद्यावर घेऊन मी ओढे ओलांडलेत.

आता बोट कुठे ठेवायचं ते सांगते. पहिल्या डोसवर. सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला पेंटाव्हॅलंटमधून (पाच रोगांवरच्या एकत्र लसीतून) ही लस मिळते, ती वाडीवरच्या पोरांनाही बहुधा मिळतेच. पण त्याआधीचा एक डोस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत, बाळाच्या मांडीत, अर्धा मिली द्यायचा असतो. आई वाहक असेल तर सगळा खेळ त्या चोवीस तासांचा. दवाखान्यात बाळंतपण झालं तर मिळतो. घरी झालं तर?

एक सांगते. २०१२ चा श्रावण असेल. पुलावरून पाणी, तीन दिवस रस्ता बंद. चौथ्या दिवशी वाडीवर पोचले तर एक बाळ तीन दिवसांचं. आईने कौतुकाने माझ्या हातात दिलं. कार्डावर शून्य डोसाचा, म्हणजे जन्मावेळच्या त्या डोसाचा, रकाना कोराच ठेवावा लागला. आईची तपासणी झालेली नव्हती, तेव्हा गरोदरपणात ही तपासणी सगळीकडे होत नसे. त्या बाळाचं पुढे काय झालं मला माहीत आहे, ते ठीक आहे. पण तो कोरा रकाना मला अजून दिसतो.

---

माहेरवाशीण_जुन्नर
१५ जुलै, सकाळी ११:१०

सिस्टर, तुमचं वाचून डोळे भरले.

एक शंका आहे. आमच्याकडे काविळीला माळ घालतात. मुळ्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात ओवून डोक्यावर ठेवतात, ती दिवसागणिक वाढत गुडघ्यापर्यंत येते. चुन्याच्या पाण्याने हात धुतले की पाणी पिवळं होतं. माझ्या दोन्ही भावांची कावीळ अशीच उतरली. अजून लोक लांबून येतात. लस घेतलेल्या पोरांनाही पावसाळ्यात कावीळ होते, म्हणून लोक म्हणतात लशीपेक्षा माळ बरी. याला काय सांगायचं?

---

डॉक्टर_नळस्टॉप
१५ जुलै, रात्री १०:३०

ताई, फार बरं झालं विचारलंत. सगळा घोळ एका शब्दात आहे. कावीळ हे एका रोगाचं नाव नाही. यकृत दुखावलं की डोळ्यांत दिसणारी ती खूण आहे.

पावसाळ्यात मुलांना होते ती बहुतेक वेळा हिपॅटायटिस ए ची, दूषित पाण्यातून. मोठ्यांत ई ची, तीही पाण्यातूनच. १९५५–५६ मध्ये दिल्लीत यमुनेचं पाणी घाण होऊन सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली होती, ती ई ची होती असं पुढे साठवलेल्या रक्तावरून समजलं. ए आणि ई सहसा काही आठवड्यांत आपोआप बऱ्या होतात. दोरा सैल पडत जातो म्हणून माळ वाढते, आणि तेवढ्या दिवसांत यकृतही सावरतं. भावांचं बरं होणं खरं आहे, ते त्यांच्या शरीराने केलं. गरोदर बाईला मात्र ई ची कावीळ झाली तर एक दिवसही माळेत घालवू नका, तिच्या जिवावर बेतू शकतं.

बीची लस ए आणि ई ला अडवत नाही. तिथे पाणी उकळून पिणं आणि विहिरीपासून संडास लांब असणं हेच औषध. वाडीवर हे फरक करून सांगितले नाहीत तर पावसाळ्यातल्या प्रत्येक पिवळ्या डोळ्यागणिक बीच्या लसीवरचा विश्वास जातो.

बी आणि सी रक्तातून जातात: आईकडून बाळाला, शरीरसंबंधातून, एकच वस्तरा, एकच सुई. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा भागात बीची मोठी साथ आली, कित्येक माणसं दगावली. कारण निघालं दवाखान्यांत पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुया. वाळलेल्या रक्तात हा विषाणू आठवडाभरही तग धरतो. तेव्हा गावात मोटारसायकलवरून येऊन 'ताकदीचं इंजेक्शन' देणारा कुणी असेल तर सुई नवी आहे का ते समोर पाकीट फोडायला लावून बघा. डाग देणं, एकाच सुईने गोंदणं, हेही त्यातच आलं.

---

नाव_नको
१६ जुलै, रात्री १२:२०

बरेच दिवस इथे नुसतं वाचतो. आज लिहितो.

मी वाहक आहे. हडपसरला नोकरीला लागलो तेव्हा कंपनीत रक्तदान शिबिर होतं. महिन्याने रक्तपेढीतून पत्र आलं, येऊन भेटा. तेव्हा मी २६ वर्षांचा. मग घरी सगळ्यांचं रक्त तपासलं. आई पॉझिटिव्ह, मोठा भाऊ पॉझिटिव्ह, धाकटी बहीण निगेटिव्ह. आई दोन दिवस जेवली नाही. "मी माझ्या हाताने पोरांना दिलं" एवढंच म्हणत होती. तिला हे कुठून मिळालं ते तिच्या आईलाच माहीत, आणि आजी तर कधीच गेली.

माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा एका खाजगी रुग्णालयात माझ्या खाटेला लाल अक्षरांची पाटी लावली होती. भेटायला आलेले नातेवाईक पाटी वाचून दारातूनच परत गेले. त्यातल्या एकीने घरी जाऊन सांगितलं की याचं ताट वेगळं ठेवा. हा आजार ताटातून, मिठीतून, खोकल्यातून होत नाही. हे मी तेव्हा ओरडून सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, गप्प राहिलो. त्याचा सल आहे.

लग्नाआधी होणाऱ्या बायकोला सगळं सांगितलं. तिने तीन डोस घेतले, प्रतिपिंडं तपासून घेतली, मग आम्ही तारीख काढली. मुलगी झाली. बायको निगेटिव्ह असल्यामुळे फार काळजी नव्हती, पण तिलाही जन्मल्याबरोबर डोस दिला, मी घड्याळ धरून उभा होतो. आज ती सात वर्षांची आहे.

माझ्या भावाला औषध चालू आहे, रोज एक गोळी. मला अजून लागलेलं नाही. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्त, कारण यकृताचा कॅन्सर लवकर सापडला तर वाचता येतं. अंजनवेल ताई, त्या गृहस्थांना एवढं सांगा की दुसरी रेघ आली म्हणजे आयुष्य संपलं असं नाही. आणि त्यांच्या आईचं, भावंडांचं रक्त नक्की तपासा. कोण कोणाला दिलं याचा हिशोब करायला नव्हे. पुढच्या बाळासाठी.

---

सातारारोडकर
१६ जुलै, सकाळी ९:००

नाव_नको, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं काम केलंत.

डॉक्टर, माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. जन्मल्यावर सगळे डोस झाले होते. आता कॉलेजात अँटीबॉडी तपासली तर जवळजवळ शून्य. लस उतरली म्हणायची का? मग वाडीवरच्या मुलांचंही तसंच होणार?

---

डॉक्टर_नळस्टॉप
१६ जुलै, रात्री ११:१५

नाव_नको, तुमची पोस्ट मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे.

सातारारोडकर, रक्तातला आकडा उतरला म्हणजे शरीर विसरलं असं नाही. याचं सगळ्यात भक्कम उत्तर एका दुर्गम समाजाकडूनच आलंय. अलास्कातल्या मूळ रहिवाशांच्या वस्त्या बर्फाळ नद्यांकाठी, जायला रस्ता नाही, छोटं विमान किंवा नाव. तिथे हा विषाणू इतका होता की लहान मुलांना यकृताचा कॅन्सर व्हायचा. १९८१ मध्ये १५ गावांतल्या १,५७८ लोकांना लस दिली गेली, तेव्हाची, माणसाच्या रक्तद्रवापासून बनवलेली. संशोधक त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा गेले. तीस वर्षांनी साधारण निम्म्यांच्याच रक्तात प्रतिपिंडं पुरेशी उरली होती. उरलेल्यांना एक डोस दिला तर दहातल्या जवळपास नऊंच्या शरीराने लगेच भरभरून प्रतिपिंडं बनवली. सगळं धरून नव्वद टक्क्यांहून अधिक लोक सुरक्षित होते. म्हणून निरोगी मुलाला सरसकट बूस्टर लागत नाही. तुमचा मुलगा दवाखान्यात काम करणार असता तर वेगळं सांगितलं असतं.

१९८३ नंतर तिथे सगळ्या वस्त्यांत तपासणी आणि लस पोचवली. दहा-बारा वर्षांत मुलांमधले नवे संसर्ग थांबले, आणि पुढे मुलांमधला तो कॅन्सरही दिसेनासा झाला. तैवाननेही १९८४ मध्ये वाहक आईच्या बाळांपासून सुरुवात केली. तिथे सहा ते चौदा वयाच्या मुलांत यकृताच्या कॅन्सरचं प्रमाण दहा वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं.

पण अलास्काची मला सर्वांत भावलेली गोष्ट वेगळीच आहे. मुलांना लस दिली आणि मोठ्यांना विसरले, असं त्यांनी केलं नाही. दीड हजारांवर वाहकांची यादी करून दर सहा महिन्यांनी त्यांचं रक्त तपासत राहिले. त्यातून काहींचा कॅन्सर कापून काढता येईल इतका लवकर सापडला. आपल्या वाडीतल्या त्या बेचाळिशीच्या गृहस्थांचं नाव अशा कुठल्या यादीत आहे? २०२२ मध्ये भारतात हिपॅटायटिस बी असलेली माणसं जवळपास तीन कोटी असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना ते ठाऊक नाही. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे, तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत. वाडीवरचा माणूस तिथपर्यंत पोचला पाहिजे, त्याच्या भाड्याचे पैसे आणि बुडालेली मजुरी कुणीतरी मोजली पाहिजे.

---

भटक्या_सिंहगड
१७ जुलै, सकाळी ६:४०

पाण्याबद्दल लिहिलेलं मागे घेतो. सिस्टर, माफ करा. माझी जीप आहे, पाण्याच्या अलीकडच्या काठापर्यंत कधीही येऊ शकते. अंजनवेल ताई, व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

---

अंजनवेल
२७ सप्टेंबर, रात्री १०:०५

बरेच दिवसांनी येतेय. जुलैअखेर आम्ही परत वाडीवर गेलो, या वेळी वहीत दोन्ही रकाने होते. त्या गृहस्थांना पुण्याला आणलं, जीप भटक्या दादांची. एलायझात (लॅबमधल्या खात्रीच्या रक्ततपासणीत) निदान पक्कं झालं. यकृत चांगलं आहे, औषध आत्ता लागणार नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. मी त्यांना डॉक्टरांनी इथे लिहिलं तसंच सांगितलं: लस तुमच्या पोरासाठी होती दादा, तुमच्या वेळेला ती नव्हतीच. ते बराच वेळ गप्प बसले. मग विचारलं, "म्हंजी पोरगा सुटला?" म्हटलं, सुटला.

नाव_नको यांच्या सांगण्यावरून घरच्या सगळ्यांचं रक्त घेतलं. त्यांच्या धाकट्या भावाची बायको गरोदर होती, तेव्हा तिसावा आठवडा. तिच्याही कार्डावर दोन रेघा. विषाणूचं प्रमाण खूप निघालं, म्हणून डॉक्टरांनी लगेच टेनोफोविर (विषाणूला दाबणारं औषध) सुरू केलं. ती घाबरली होती, बाळाला अंगावर पाजायचं नाही का, हाच एक प्रश्न. पाजायचं, नक्की पाजायचं, असं डॉक्टरांनी स्वतः फोनवर सांगितलं तेव्हा तिला धीर आला. तारखेआधी पंधरा दिवस तिला खाली, रुग्णालयाजवळ आत्याकडे आणून ठेवलं.

२४ तारखेला पहाटे मुलगी झाली. मी रजा काढून तिथेच होते. उजव्या मांडीत लस, डाव्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूविरुद्धची तयार प्रतिपिंडं), दोन्ही पहिल्या तासाभरात. सिस्टर, शून्य डोसाच्या रकान्यात तारीख आणि वेळ लिहिली आहे. तुम्हाला फोटो पाठवते, नाव झाकून.

नऊ महिन्यांची झाल्यावर तिचं रक्त तपासायचं आहे, त्याआधी काही कळणार नाही.

---

निवृत्त_सिस्टर (भोर)
२७ सप्टेंबर, रात्री १०:४०

फोटो पाहिला ग बाई. दहा वेळा पाहिला.

आता ऐक. २४ सप्टेंबरला सहा आठवडे मिळवले की ५ नोव्हेंबर येतो. तोवर ती वाडीवर परत गेलेली असेल, आणि मधे दिवाळी. तिकडच्या आशाताईला आजच सांगून ठेव, सत्राचा वार कुठला येतो ते विचार, आणि पुढे गेला तर तिला खाली आणायची सोय कर. कार्ड भिंतीला खिळ्यावर अडकवू नका म्हणावं, ओल येते. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तांदळाच्या डब्यात.

---

अंजनवेल
२७ सप्टेंबर, रात्री १०:५५

आशाताईंशी बोलले. त्यांचं सत्र ६ नोव्हेंबरला आहे, गुरुवारी. कार्ड पत्र्याच्या पेटीत आहे, सांगते तांदळात ठेवायला.